एक जूनचे गुरुजी

पासपोर्टचे कागद घेऊन आलेल्या माणसाला गुरुजी आधी विचारायचे, "जेवून आला का?" नाही म्हटलं की ते कागदांना हात लावत नसत. "उपाशी माणूस तारखा चुकवतो. जा, कायतरी खाऊन ये." कामावर अर्धी रजा टाकून आलेला तो बिचारा समोरच्या गाडीवर उभ्या उभ्या वडापाव कोंबून परत यायचा, तोवर त्याच्या जागी दुसराच कोणी बसलेला असायचा. पहिल्या दिवशी माझंही हेच झालं. मी भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोदामात डिस्पॅचला आहे. दिवसभर खोकी स्कॅन करून बाहेर पाठवायची, हे माझं काम. खोकं जेवलं की नाही हे आम्ही कधी विचारत नाही. तो वडापाव गिळताना मी गुरुजींना मनातल्या मनात जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. तहसील कचेरीच्या वाटेवर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लागून त्यांचं टेबल असायचं. आता तिथे दुकानदाराने मोबाइलची कव्हरं मांडली आहेत. मी तिथून जाते तेव्हा माझी मान अजूनही आपोआप त्या बाजूला वळते.

त्या टेबलापुढे कोण नसायचं? यंत्रमागाची लूम सोडून आखातात निघालेली पोरं, ड्रायव्हर, नर्सा, मक्केला उमराहच्या यात्रेला निघालेली म्हातारी जोडपी, परदेशी शिकायला चाललेली एखादी मुलगी आणि तिच्यामागे घाबरलेला बाप. गुरुजी फी घेत नसत. चहा घ्यायचे, तोही अर्धा. पण फुकटच्या कामाला जी घाई चालते, ती त्यांच्याकडे चालत नसे. एकेक कागद उजेडाकडे धरून बघायचे, मागची बाजू बघायचे, आणि मग डोळे मिटून थोडा वेळ नुसते बसायचे. अशा वेळी त्यांची एक विचित्र सवय होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे टाकून ते आपला डावा कान चिमटीत धरायचे. माणूस विचार करताना डोकं खाजवतो, कोणी मिशी ओढतो, तसं हेही असेल, असं मला वाटायचं.

स्टेपलरचा त्यांना तिटकारा होता. "कागदाला भोक पाडायचं न्हाय. उद्या तिथूनच फाटतो." म्हणून सगळे कागद ते सुताने बांधायचे. भिवंडीत सुताला काय तोटा! कुठल्या तरी कारखान्यातून आणलेली एक अर्धी बॉबिन टेबलाच्या खणात पडलेली असायची. मूळ कागद एका जुडीत, झेरॉक्स दुसऱ्या जुडीत, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. काउंटरवर गाठ सोडत बसलेला माणूस साहेबाला आवडत नाही, म्हणे. फोटोच्या बाबतीतही तसंच. दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. नियम तसा आहेच, पण गुरुजी त्यावर इतके अडून बसायचे की बुरख्यातल्या बायका हसायच्या आणि म्हणायच्या, "मास्टरजी को कान बहोत प्यारे हैं."

शेवटी तालीम. चष्मा काढून ते दुसरा, काळ्या फ्रेमचा चष्मा लावायचे आणि साहेब व्हायचे. आवाज बदलायचा, भाषासुद्धा. "हां अम्मा, किधर जाने का है? किसके पास जाने का है? जल्दी बोलो, पीछे लाइन है." समोरचा माणूस घाबरला, त्याचा हात थरथरायला लागला, की साहेब मध्येच पाढा विचारायचे. "सात पंचे?" उत्तर येवो न येवो, माणूस हसायचा, आणि हात थरथरायचा थांबायचा. ही युक्ती त्यांना कुठून सुचली कोण जाणे. लोक त्यांना गुरुजी म्हणायचे ते असं दटावत असल्यामुळेच, असा माझा समज होता. ते खरोखरच शिक्षक होते, हे मला फार उशिरा कळलं.

आणि एक जून. त्या दिवशी त्यांचं टेबल बंद असायचं. आपल्याकडे अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनला येतो. जूनमध्ये शाळा उघडतात, पूर्वी आईबापांना पोराची जन्मतारीख ठाऊक नसायची, मग मास्तर एक जून लिहून मोकळा व्हायचा. आमच्या गोदामात त्या दिवशी सहा जणांचे केक येतात आणि सहाही जण आपापला खरा वाढदिवस माहीत नसल्याचं हसत हसत सांगतात. नेमकी त्याच दिवशी मी रजा टाकून गेले, तर टेबल पालथं घातलेलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "आज नहीं बैठते वो. बोलते हैं सुतक है." कुणाचं सुतक, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मला इतका राग आला की मी तडक मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या एजंटकडे गेले. तो म्हणाला, "दीदी, टेन्शन क्यों लेती हो? शाळेचा दाखला आपण बनवून घेऊ. एक जून टाकून देतो." मी हो म्हणता म्हणता थांबले. का थांबले ते नीट सांगता येणार नाही. गुरुजींचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं: "माणूस एकदा खोटं बोलतो. कागद रोज खोटं बोलतो."

आता आमचं काम काय होतं ते सांगते.

माझी थोरली बहीण, ताई, मस्कतला असते. तिची दोन बाळंतपणं आधी फुकट गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं सातव्यात. दोन्ही वेळी ती परक्या देशात एकटी होती, भाऊजी ड्युटीवर. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलं, तेव्हा तिने फोनवर आईला एवढंच म्हटलं, "आई, तू ये ना." आई म्हणाली, "येते." पासपोर्ट म्हणजे काय, व्हिसा म्हणजे काय, तिला काही ठाऊक नव्हतं. आमच्या दिघाशीहून ती फार तर कल्याणपर्यंत गेलेली. सप्टेंबरची तारीख होती आणि हा मे चालू होता.

आईकडे जन्माचा एकही कागद नव्हता. आधार कार्डावर तारीख नव्हती, नुसतं साल होतं, आणि तेही कॅम्पमधल्या पोराने अंदाजाने टाकलेलं. त्या सालाप्रमाणे आई ताईपेक्षा फक्त अकरा वर्षांनी मोठी होती. गुरुजींनी ते कार्ड बघितलं आणि कान धरला. "अकराव्या वर्षी पोर झालं म्हणून सांगायचं का तिकडं? आधी आधार सुधरायला पायजे. त्याला पुरावा पायजे. आईची शाळा कुठली?"

"शाळा नाही शिकली ती."

"तिला घेऊन ये."

आई यायला तयार होईना. एकदा गुडघे दुखतात, एकदा घरात पाहुणे येणार आहेत. शेवटी मी भांडून तिला आणलं. गुरुजींच्या टेबलासमोर ती पदर पुढे ओढून, खाली मान घालून बसली. गुरुजींनी विचारलं, "जेवलात का, बाई?" तिने मान हलवली. "शाळेत गेला होता का कधी?" तिने परत मान हलवली, आडवी. ग्रामपंचायतीत जन्मनोंद शोधली होती, त्या काळचं वहीचं पान वाळवीने खाल्लेलं. गुरुजींनी दोन-तीन वेगळे मार्ग सांगितले, सगळे लांबचे. तरी जे होईल ते होईल म्हणून त्यांनी काळ्या फ्रेमचा चष्मा लावला आणि तालीम सुरू केली.

"हां अम्मा, नाम बोलो."

आईचा हात थरथरायला लागला. मांडीवरची पिशवी हलत होती. साहेबाने नेहमीप्रमाणे पाढा टाकला, "बारा सत्ते?"

"चौऱ्याऐंशी," आई म्हणाली. लगेच. श्वासही न घेता.

आईला पाढे येतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाजारात ती कधी फसायची नाही. मासळीवाली बोट मोडून हिशेब करेपर्यंत आईचं उत्तर तयार असायचं. न शिकलेल्या बाईला पाढे कसे येतात, हा प्रश्न मला एवढ्या वर्षांत पडला नव्हता, याची आज लाज वाटते. आईचं येणं म्हणजे येणं, त्यात विचारायचं काय, असंच आपण धरून चालतो.

गुरुजींनी चष्मा काढला. "कुठल्या शाळेत?"

आईने माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. खाडीकडच्या अंगाला ते गाव आहे. नाव ऐकलं आणि गुरुजींचा हात डोक्यावरून कानाकडे निघाला, पण कानापर्यंत पोचला नाही. मध्येच थांबून खाली आला. त्या दिवशी त्यांनी पुढचा एकही कागद बघितला नाही. मला एवढंच म्हणाले, "शाळा उघडू दे. मी येतो बरोबर."

जूनच्या मध्यावर शाळा उघडली. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. गुरुजींनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. शाळा तीन खोल्यांची. मुख्याध्यापिका तरुण होत्या, त्यांनी आम्हाला बसवलं, कपाट उघडलं, जुनी जनरल रजिस्टरं काढली. लाल कापडाच्या पाठीची, कडा झिजलेली. गुरुजींनी विचारलंसुद्धा नाही, हात घालून बरोबर एक रजिस्टर ओढलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं हेच ते?"

"अक्षर माझं हाय," गुरुजी म्हणाले. "माझी पयली शाळा. पन्नासेक वर्सं झाली."

तेव्हा मला सुतकाचं आणि एक जूनचं कोडं एकदम सुटलं. पानावर एकाखाली एक नावं होती आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. अक्षर मात्र मोत्यासारखं. बोट फिरवत फिरवत ते आईच्या नावावर आले. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, एक जून. मग ते पुढे वाचायला लागले आणि शेवटच्या रकान्यापाशी अडले. तो रकाना मी वाचला. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

"पोर सहा वर्सांचं झालं का, ते बघायची एक रीत होती," गुरुजी माझ्याकडे बघत म्हणाले. आईकडे त्यांना बघवत नव्हतं. "उजवा हात डोक्यावरून न्यायचा. डाव्या कानाला लागला तर सहा पुरी. न्हाय लागला तर घरी. पण पट भरायला पायजे होता, साहेब तपासणीला यायचा होता. मी पोरांचे हात वढून कानाला लावले. साल मागं केलं. तारीख सगळ्यांची येक."

"माझा पन वढलाव," आई म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "बोटभर कमी पडत व्हता. मी तुम्हाला पयल्याच दिवशी वळखलं, टेबलावर कान धरून बसलेलं. गुरुजींनी हात धरला म्हणून तवा मी घरी नाचत गेले व्हते. आमच्या वाड्यातल्या पोरांचा हात कोन धरत व्हतं?"

गुरुजींनी रजिस्टरावरचं बोट काढून घेतलं.

"पन मी गैरहजर नव्हते," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. "आई शेतावर जायची. धाकटा भाऊ माझ्या कडंवर असायचा. तुम्ही म्हनलाव, पोर घेऊन वर्गात यायचं न्हाय. मग मी भाईर उभी राहायची. त्या खिडकीखाली." तिने बोट दाखवलं. खिडकी अजून तिथेच होती, आता तिला हिरवा रंग दिलेला. "बारापर्यंत पाढे झाले. मग भाऊ चालाय लागला, त्याच्या मागं धावायला लागायचं. मग सुटलं."

मी आईकडे बघत राहिले. या बाईने मला रोज पाटी देऊन बसवलं होतं, स्वतःला वाचता येत नसताना माझं वाचन ऐकलं होतं, आणि एकदाही हे सांगितलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला गुरुजींचा राग आला. पहिल्या दिवशीचा वडापावचा राग नव्हे, खरा राग. एवढं मोत्यासारखं अक्षर काढणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर मान काढून बघता आलं नाही?

जणू मी ते मोठ्याने बोलले होते. गुरुजी आईकडे वळून म्हणाले, "बाकीची पोरं गैरहजर राहिली तर मी घरी जायचो. आगरी आळीत गेलो, कोळी आळीत गेलो. तुमच्या वाड्यात यायला पायजे होतं. आलो न्हाय. लोक काय म्हणतील म्हणून आलो न्हाय. नवा होतो, भाड्याची खोली गावात होती. हे कारण न्हाय, पोरी. जे झालं ते सांगतो."

"बाई" वरून ते "पोरी" वर आले होते. आईने पदर नीट केला. मला वाटलं आता ती रडेल, किंवा झालं गेलं म्हणून त्यांना मोकळं करेल. तिने दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "ह्या कागदावर पासपोर्ट भेटंल न्हवं?"

"भेटंल," गुरुजी म्हणाले.

"मग झालं."

भेटला, पण सरळ नाही. त्या दाखल्यावर आधार सुधारलं, मग माहेरची आणि सासरची बाई एकच हे सांगणारं प्रतिज्ञापत्र, मग अर्ज. अर्जावर अंगठा चालला असता. गुरुजी ऐकेनात. तीन रविवार ते दुकान बंद असताना पायरीवर आईला सही शिकवत बसले. आई कंटाळायची, मी घड्याळ बघायचे, आणि ते पुन्हा पाटी पुसायचे. ठाण्याच्या पासपोर्ट कचेरीत काउंटरवरच्या मुलीने दाखला पुढून बघितला, तारीख टिपली, आणि सतत गैरहजर या रकान्यावर तिची नजरसुद्धा थांबली नाही. आईने गाठीचं एक टोक ओढलं, जुडी अलगद सुटली. मुलगी म्हणाली, "वा, किती नीट ठेवलंय." आईने दिलेली सही जराशी वर चढली होती, पण होती तिची.

पोलीस पडताळणीला उशीर झाला. ऑगस्ट संपत आला. ताईचा रोज फोन यायचा, आवाज रोज बारीक. गुरुजींनाही मी रोज फोन करायचे, नुसती भांडायला. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "आईनं खाल्लं का?" पासपोर्ट आला, व्हिसा आला, आणि डॉक्टरांच्या तारखेला नऊ दिवस उरले असताना तिकीट हातात पडलं.

निघायच्या दिवशी दुपारी गुरुजी दिघाशीला आले. बोलावलं नव्हतं. एसटी थांब्यापासून आमच्या बौद्धवाड्याचा रस्ता विचारत, घामाघूम होऊन. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "येऊ का?" आईने पाट मांडला. त्यांनी पाणी मागितलं, तांब्याभर प्यायले, मग जे ताटात वाढलं ते जेवले. सुकट आणि भाकरी. दुसरी भाकरी मागून घेतली. मग सगळे कागद पुन्हा मांडून बघितले आणि सूत नव्याने बांधलं. जाताना आई त्यांच्या पायाला हात लावायला वाकली तर त्यांनी तिला अर्ध्यात धरलं. "न्हाय, पोरी. तू माज्या पाया पडायची न्हाय." एवढंच बोलून ते चालू लागले, थांब्यापर्यंत सोडायला मी गेले तरी वळून बघितलं नाही.

आई पोचली. पाचव्याच दिवशी ताईला घाईने दवाखान्यात न्यावं लागलं. भाऊजी ड्युटीवरून निघेपर्यंत तिथे आईच होती, भाषा येत नाही, कोणाची ओळख नाही. माझ्या शिफ्टमध्ये फोन आला. पलीकडे आधी नुसतं रडणं, आणि माझ्या हातातला स्कॅनर खाली पडला. मग आईचा आवाज आला. "पोरगी झाली. रडली मोठ्यानं. ताई बरी हाय." मी तिथेच खोक्यांवर बसले. आई म्हणाली, "डागतर भाईर थांबा म्हनत व्हता. मी थांबले न्हाय. आतच उभी राहिले, तिचा हात धरून." मग म्हणाली, "गुरुजींना सांग, मी हजर होते."

रजा नव्हती. तरी मी सुपरवायझरला सांगून रिक्षा केली आणि टेबलापाशी गेले. गुरुजी नेहमीसारखे बसले होते, हात डोक्यावरून, कान चिमटीत. समोर लाइनीतला एक माणूस कागद पुढे करून उभा. मी आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. कानावरचा हात त्यांनी हळूच खाली घेतला, टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "बस. जेवून आला का?"